बाटली बघितलीस का?

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझं माशांच्या यादीचं एक्सेल उघडलं. कटला तीनदा आहे: कटला कटला, गिबेलियन कटला, लेबिओ कटला. शास्त्रीय नावं तीन, मासा एकच! आणि तू विचारतेस, गोड्या पाण्यातल्या देशी माशांचा खरा आकडा कुठला धरायचा. आकड्याचं मागाहून. आधी सांग, जपून ठेवलेल्या नमुन्याची बाटली बघितलीस का? नमुना कुठल्या नदीतला, कोणी धरला, कधी, ही आतली चिठ्ठी वाचलीस का?

रागावू नकोस, मीही वाचली नव्हती. उमेदीत एका धरणाची यादी केली, बाजारातून मासे घेऊन. त्यातला एक बर्फाच्या ट्रकमधून आलेला, दुसऱ्याच मुलखातला. बाटली ठेवली नाही. पुढे चौघांनी ती ओळ उतरवून घेतली. आता खोडायची म्हटलं तर पुरावा मलाही नाही.

कावेरीतल्या वशिंडवाल्या महसीर माशाला वर्षानुवर्षं टॉर मुस्सुल्ला म्हणत. साइक्स या इंग्रज अभ्यासकाने 1839 मध्ये दख्खनच्या नद्यांतून नोंदवलेला मुस्सुल्ला निघाला वेगळाच, हिप्सेलोबार्बस गटातला. म्हणजे कावेरीतला बिननावाचा, आणि नाव नाही तर धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत जागा नाही. 2018 मध्ये तो टॉर रेमादेवी असल्याचं ठरलं, तेव्हा कुठे ‘अतिसंकटग्रस्त’ हा शिक्का बसला. तोवर हॅचरीत वाढवून तिथे सोडलेली आपल्याकडची खुद्री महसीर त्याच्या जागी पसरली होती.

त्या खुद्रीच्या नावापुढे साइक्सचं नाव कंसात असतं, तो कंस तू काढलास, ‘सगळं एकसारखं दिसावं म्हणून’! अगं, त्याने तिला बार्बस खुद्री म्हटलं होतं. प्रजाती, म्हणजे नावातला पहिला शब्द, नंतर बदलली, हे तो कंस सांगतो. नुसतं एकसारखं दिसणं म्हणजे प्रमाणीकरण नव्हे. आणि ‘देशी: हो/नाही’ एवढ्यावर भागवू नकोस. रोहू गंगेची. देशाच्या यादीत घरची, उजनीत सोडलेली पाहुणी. नदीच्या खोऱ्याचा वेगळा रकाना कर, प्रत्येक ओळीपुढे बाटलीचा क्रमांक लिही. क्रमांक नसेल तर तसं लिही, पण लिही.

माझी यादी इतकी वर्षं का अडली, असं लोक विचारतात. अडू दे. निम्म्या ओळींना बाटली नाही, छापू कशी? आळस म्हणणाऱ्यांनी एकदा तरी कपाट उघडून बघावं.

दोन रात्री जागलीस ते दिसतंय. आता झोप. रविवारी ये. बऱ्याच बाटल्यांतलं अल्कोहोल उडालंय, दोघं मिळून भरू. लेबिओच्या फळीपासून सुरुवात करू.