नोटीस नंतर, आधी त्या मुलीची ओळख झाका

प्रश्न : मी २४ वर्षांचा, ऐरोलीत राहतो. एका गेमिंग स्ट्रीमरच्या डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या सर्व्हरवर दोन वर्षं बिनपगारी मॉडरेटर होतो. सर्व्हरवरच्या अकरावीतल्या एका मुलीनं मला त्याचे तिला आलेले खासगी मेसेज दाखवले. ‘फोटो पाठव, मग डिलीट कर’ अशा स्वरूपाचे. मी तीन आठवड्यांपूर्वी त्यावर अकरा मिनिटांचा व्हिडिओ टाकला. स्क्रीनशॉट दाखवले, मुलीचं नाव पुसट केलं. आता स्ट्रीमरच्या वकिलाची नोटीस आली आहे: सात दिवसांत व्हिडिओ काढा, सोबतच्या मजकुरानुसार माफी मागा, ५० लाख रुपये द्या. त्याच्या स्ट्रीममधला दीड मिनिटाचा तुकडा वापरला म्हणून यूट्यूबवर कॉपीराइट स्ट्राइकही (हक्कभंगाचा ठपका) आला. त्याच्या चाहत्यांनी माझा नंबर टेलिग्रामवर टाकला, रात्री-अपरात्री धमक्यांचे फोन येतात. मी खरं तेच बोललो. मग घाबरायचं कारण काय?

उत्तर : घाबरायचं कारण आहे, पण तुम्ही ते नोटिशीत शोधताय आणि ते आहे तुमच्या व्हिडिओत. तुम्ही पाठवलेली लिंक पाहिली. नाव पुसट केलंय, पण चौथ्या मिनिटाला तिचं युजरनेम दोन सेकंद स्वच्छ वाचता येतं आणि प्रोफाइल फोटोतला गणवेश ओळखू येतो. खालच्या कमेंटमध्ये दोघांनी कॉलेजचं नाव लिहिलंय. तुमच्या पत्रातला तिचा गाव-कॉलेजचा तपशील इथे छापताना गाळला आहे, त्यामागचं कारणही हेच.

पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम २३ नुसार पीडित बालकाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील माध्यमातून उघड करता येत नाही. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ सुद्धा तेच सांगतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी पत्रकार नाही’ हा बचाव चालेल असं धरून चालू नका. कलम ७४ मध्ये ‘संपर्काचं इतर कोणतंही माध्यम’ असे शब्द आहेत.

म्हणून स्ट्राइकनंतरही व्हिडिओ कुठे दिसत असेल तर तो आजच ‘प्रायव्हेट’ करा. डिलीट करू नका. तो उद्या पुरावा आहे, तुमच्या बाजूनं आणि तुमच्या विरुद्धही. पुरावा नष्ट केल्याचा आरोप वर ओढवून घ्यायचं कारण नाही. मूळ फाइल, एडिटिंगचा प्रोजेक्ट, प्रकाशनाची तारीख-वेळ दिसणारं पान, सगळं राखून ठेवा. ज्या चॅनेलांनी तुमचा व्हिडिओ उचलून पुन्हा टाकला, त्यांच्या लिंकवर ‘अल्पवयीन पीडितेची ओळख उघड’ या कारणाखाली प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करा. त्याचा निर्णय पटला नाही तर तो कळल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

आता दुसरी गोष्ट, जी बहुतेक प्रेक्षकांना ठाऊकच नसते. असा गुन्हा झाल्याचं माहीत असलेल्या प्रत्येक व्यक्तीनं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे, असं पोक्सोचं कलम १९ सांगतं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. दोन लाख लोकांनी पाहिलेला व्हिडिओ म्हणजे पोलिसांना कळवणं नव्हे. तुम्ही सार्वजनिक पंचायत भरवली, पण ज्या एका दारात जायचं होतं तिथेच गेला नाहीत. उलट कलम १९(७) तुमच्यासाठी ढाल आहे: सद्भावनेनं पोलिसांना माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. हेच मेसेज तुम्ही आधी पोलिसांना दाखवले असते, तर त्या माहितीवरून तुमच्यावर बदनामीचा खटला उभाच राहिला नसता.

तीन आठवडे गेले आहेत, तरी जा. उशीर का झाला ते लेखी अर्जात खरंखरं लिहा. शक्य असेल तर आधी मुलीच्या आईवडिलांशी बोला, पण त्यांच्या परवानगीसाठी अडून बसू नका. कळवण्याचं कर्तव्य तुमचं स्वतःचं आहे. ऐरोली नवी मुंबई आयुक्तालयात येते, खाडीपलीकडचं मुलुंड मुंबईत, कळव्यापासून पुढे ठाणे आयुक्तालय. त्यामुळे ‘मुलगी आमच्या हद्दीतली नाही, तिकडे जा’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, ती नंतर वर्ग होते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. नोंदीचा क्रमांक मागा, तो देणं कलम १९(२) मध्येच आहे. एफआयआर झाला तर त्याची प्रत फुकट मिळते. नोंद नाकारली तर पोलीस उपायुक्तांना पोस्टानं लेखी तक्रार, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकारी. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे तिच्या घरच्यांना आधी सांगा. अनेक कुटुंबं केवळ पोलीस ठाण्याच्या बाकड्याला घाबरून मागे हटतात.

एक कडक सूचना. त्या चॅटमध्ये मुलीचा नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचा फोटो असेल तर त्याची प्रत काढू नका, कोणालाही पाठवू नका, तुमच्या वकिलालाही नाही. असं साहित्य साठवणं हाही पोक्सोच्या कलम १५ खाली गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. तो ज्या फोनमध्ये आहे त्याची माहिती पोलिसांना द्या, पुढचं ते पंचनाम्यानं करतील.

बाकी पुरावा मात्र नीट जपा. कापलेला स्क्रीनशॉट कोर्टात सगळ्यात आधी कोसळतो, कारण युजरनेम बदलून तसं चित्र पाच मिनिटांत बनवता येतं. मुलीच्या मूळ फोनवरून सलग स्क्रीन रेकॉर्डिंग व्हावं: प्रोफाइल उघडणं, मग चॅट, मग तारखा दिसतील असं वर-खाली सरकवणं. डिस्कॉर्डवर दिसणारं नाव बदलतं, आकडी युजर आयडी बदलत नाही, तो टिपा. ‘मी अकरावीत आहे’ असं तिनं लिहिलेला मेसेज सर्वांत मोलाचा, कारण ‘वय माहीत नव्हतं’ हाच समोरच्याचा पहिला बचाव असेल. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, लिहायची असते. ती रेकॉर्डिंग झाल्या झाल्या काढून ठेवा. आणि घाई अशासाठी की प्लॅटफॉर्मनं काढून टाकलेला मजकूर तपासासाठी जपून ठेवण्याची नियमातली मुदत १८० दिवसांची आहे. पोलिसांचं पत्र त्याआधी जायला हवं.

आता नोटीस. ५० लाखांचा आकडा नोटिशीत लिहायला काही लागत नाही. दाव्यात लिहिला की त्यावर कोर्ट फी भरावी लागते आणि मग आकडे बरेच माणसात येतात. दिवाणी दाव्याची मुदत प्रकाशनापासून एक वर्ष. फौजदारी बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. हा अदखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे ‘उद्या पोलीस उचलतील’ ही चाहत्यांची धमकी पोकळ आहे. स्ट्रीमरला स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद करावी लागेल, तिची दखल घेण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी मिळते. तुम्ही त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर राहत असाल तर समन्सआधी चौकशीही सक्तीची आहे.

‘मी खरं बोललो’ याचं उत्तर अर्धं होय, अर्धं नाही. दिवाणी दाव्यात सत्य हा पुरता बचाव आहे. फौजदारीत सत्याबरोबर लोकहितही दाखवावं लागतं, किंवा सद्भावना, आणि सद्भावना म्हणजे कायद्याच्या भाषेत पुरेशी काळजी घेऊन केलेलं काम. मेसेज दाखवून ‘हे मेसेज आलेत’ म्हणणं तुम्ही पेलू शकाल. सातव्या मिनिटाला तुम्ही ‘अशा वीस-पंचवीस मुली तरी असतील’ म्हणालात, ते कशाच्या जोरावर? तिथे तुमची बाजू लंगडी आहे. स्ट्रीमरांच्या भानगडीत प्रेक्षक नेमके इथेच वाहवतात. अमेरिकेतल्या ‘डॉक्टर डिसरिस्पेक्ट’ या स्ट्रीमरवर ट्विच या स्ट्रीमिंग साइटनं जून २०२० मध्ये कारण न सांगता कायमची बंदी घातली, तेव्हा प्रेक्षकांनी चार वर्षं तर्कांचे पतंग उडवले. जून २०२४ मध्ये त्यानंच मान्य केलं की २०१७ मध्ये एका अल्पवयीन व्यक्तीशी झालेले मेसेज काही वेळा अनुचिताकडे झुकले होते. बेकायदा काही घडलं नाही, असंही त्याचं म्हणणं आहे. तर्क लढवणाऱ्यांच्या हाती तेव्हा पुरावा नव्हता, आणि वीस-पंचवीसचा पुरावा आज तुमच्याही हाती नाही.

उत्तर वकिलामार्फत, मुदतीत, छोटं द्या. तीन मुद्दे पुरे: कोणतं विधान खोटं ते नेमकं सांगा, बालकाच्या हितासाठी व्हिडिओ हक्क अबाधित ठेवून तूर्त दिसेनासा केला आहे, आणि प्रकरण पोलिसांकडे दिलं आहे. मुलीचं नाव उत्तरातही नको. नोटिशीसोबतचा माफीनामा मी वाचला. त्यात ‘सर्व मेसेज बनावट होते’ असं वाक्य पेरलंय. त्याच्यावर सही कराल तर मुलीची केस तुमच्याच हातानं बुडवाल. नोटीस मिळाल्यावर लाइव्ह येऊन ती वाचून दाखवणं, स्ट्रीमरला इन्स्टावर उत्तर देणं, हसण्याच्या इमोजी टाकणं, सगळं बंद. वकिलाच्या फीची अडचण असेल तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे उत्पन्नाच्या अटीत बसता का ते विचारा. मुलीला मात्र उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बालक आणि स्त्रिया यांचा तो हक्क आहे.

कॉपीराइट स्ट्राइकची घाई करू नका. टीका-समीक्षेसाठी उतारा वापरणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसू शकतं, आणि बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कलम ६० आहे. पण यूट्यूबवर स्ट्राइकला आव्हान देणारी प्रति-नोटीस दिलीत की ती तुमच्या नाव-पत्त्यासह समोरच्याकडे जाते. नंबर फुटून झालाय, आता घरचा पत्ताही द्यायचा का? ती वकिलामार्फत द्या. समोरच्यानं दहा कामकाजाच्या दिवसांत कोर्टात कारवाई केल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येऊ शकतो. तुमच्या बाबतीत तो मुलीची ओळख पूर्ण काढल्याशिवाय परत येऊच नये. एकटा स्ट्राइक ९० दिवसांनी संपतो, चॅनेल जातं ते तीन साठल्यावर.

धमक्यांच्या फोनसाठी सिम बंद करू नका. कॉल नोंदी त्याच क्रमांकावर आहेत. दुसरं सिम रोजच्या वापराला घ्या. तारीख, वेळ, क्रमांक, शब्द अशी वहीत नोंद करा, टेलिग्राम ग्रुपची लिंक टिपा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करून पोहोच क्रमांक घ्या. १९३० हा आर्थिक फसवणुकीचा क्रमांक आहे, तिथे वेळ घालवू नका. जिवे मारण्याची धमकी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(३) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेची आहे, नाव लपवून दिलेली असेल तर आणखी दोन. अर्जात धमकीचे शब्द जसेच्या तसे लिहा, ‘शिवीगाळ केली’ एवढंच लिहिलंत तर धमकीचं गांभीर्य दिसत नाही.

तळटिपेत तुम्ही सुपरचॅटचे, म्हणजे लाइव्हच्या वेळी स्ट्रीमरला पाठवलेले, पैसे परत मिळतील का विचारलंय. स्वखुशीनं दिलेली बक्षिसी आहे, सहसा मिळत नाहीत. एखाद्या ठरावीक मदतकार्यासाठी म्हणून गोळा केले आणि तिथे पोचलेच नाहीत, तर फसवणुकीचा विचार करता येईल. मेंबरशिपचा यूपीआय ऑटोपे मात्र आजच ॲपमध्ये जाऊन रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्यातही पैसे त्यालाच जातील.