ऑइलचा लाल दिवा आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन सुरू) लुकलुकतो: सेन्सर खराब की प्रेशरच कमी?

आधी इंजिन बंद करा. प्रेशर खरंच कमी असेल तर बेअरिंग काही मिनिटांत जातात, त्यामुळे ‘सेन्सरच असेल’ म्हणत गाडी चालवू नका. सपाट जागेवर दहा मिनिटं थांबून डिपस्टिकवर लेव्हल बघा.

लेव्हल ठीक असेल तर ऑइल प्रेशर सेन्सरचा कनेक्टर काढा. आत ऑइल झिरपलेलं दिसलं, तर सेन्सर आतून फुटलाय, बदलायचाच. कोरडा असेल आणि एकच वायर असलेला साधा स्विच असेल, तर पुढची तपासणी सोपी आहे. इंजिन बंद असताना मल्टिमीटरची एक पिन स्विचच्या टर्मिनलला, दुसरी इंजिनच्या धातूला लावा: कंटिन्युइटी (करंट जायला अखंड वाट) मिळायला हवी. इंजिन सुरू होऊन प्रेशर आलं की ती तुटायला हवी. कनेक्टर काढूनही दिवा जळतच राहिला, तर वायर कुठेतरी घासून बॉडीला शॉर्ट झालीये. तीन वायरचा सेन्सर असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे बहुधा ५ व्होल्टचा सप्लाय, अर्थ (ग्राउंड) आणि सिग्नल वेगवेगळे तपासावे लागतात.

इंजिन सुरू असतानाही स्विचची कंटिन्युइटी तुटली नाही, तरी तेवढ्यावर त्याला दोषी धरू नका. सेन्सर काढून त्या जागी प्रेशर मोजणारा मेकॅनिकल गेज लावून घ्या आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर रीडिंग मॅन्युअलशी ताडून बघा. गरम ऑइल पातळ होतं, म्हणून थंड इंजिनवरचं चांगलं रीडिंग फसवं असतं. गेजवर प्रेशर बरोबर आलं तरच नवीन सेन्सर घ्या. कमी आलं तर ऑइल पंप, स्ट्रेनर (ऑइल गाळणारी जाळी), बेअरिंग बघावे लागतील.