एखाद्या लोकप्रिय गाण्यामागची कोणती गोष्ट ऐकून तुम्ही चकित झालात?

माझं उत्तर: गीतरामायणातलं पहिलंच गाणं, 'स्वये श्रीरामप्रभू ऐकती'. भूप रागातली ती संथ, प्रसन्न चाल ऐकून मला वाटायचं, कवी पहाटे आंघोळ करून, उदबत्ती लावून लिहायला बसला असणार. प्रत्यक्षात हे गाणं म्हणे रागाच्या भरात आणि बंद खोलीत लिहिलं गेलं.

पुणे आकाशवाणी सुरू झाली १९५३ साली. तिथले सीताकांत लाड यांच्या आग्रहावरून गदिमांनी, म्हणजे कवी ग. दि. माडगूळकरांनी, वर्षभर दर आठवड्याला एक गाणं द्यायचं कबूल केलं. चाली अर्थातच बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या. (त्यांचं मूळ नाव रामचंद्र, हा आणखी एक योगायोग.) मुहूर्त ठरला रामनवमीचा, १ एप्रिल १९५५, शुक्रवार.

गदिमांनी पहिलं गाणं वेळेत लिहून दिलं होतं. तो कागद बाबूजींकडून हरवला! ध्वनिमुद्रणाच्या वेळी हे कळल्यावर गदिमा असे भडकले की म्हणाले, आता पुन्हा लिहिणार नाही, आणि निघालेच. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, जुने मित्र. एकमेकांवर चिडण्याचा त्यांना हक्कच होता. शेवटी लाडांनी कवीला एका खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. पाऊण तासही नाही, पंधरा मिनिटांत गाणं तयार, असं सांगतात. मिनिटं कोणी घड्याळ लावून मोजली नसतील, तेव्हा त्यावर मी फार भांडणार नाही. पण मुलं आपल्या बापाचंच चरित्र त्याच्यासमोर गातात आणि बाप ते ऐकत बसतो, एवढा सगळा प्रसंग चिडलेल्या माणसाने अशा घाईत उभा केला, हे मला अजून पचत नाही.

बावन्न आठवड्यांची बावन्न गाणी व्हायची, पण त्या वर्षी भाद्रपद अधिक आला, म्हणून पुढच्या रामनवमीपर्यंत ती छप्पन्न झाली.

आमच्या आजीने तेव्हा एक वही केली होती. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला गाणं लागायचं, ती पेन्सिलीने भराभर उतरवायची आणि निसटलेल्या शब्दांच्या जागी टिंबं टिंबं द्यायची. शनिवारी-रविवारी तेच गाणं पुन्हा लागलं की टिंबांच्या जागा शाईने भरायच्या. त्यामुळे वहीत एकाच ओळीत दोन रंग दिसतात. पहिल्या पानावर मात्र शेवटच्या कडव्यात अजूनही चार टिंबं आहेत. तेव्हा दूध उतू गेलं होतं म्हणायची, तिन्ही दिवशी.