अकाउंट बंद करू का, मावशी?

"मावशी, मी २६ वर्षांची, मूळची सांगलीची, चिंचवडला जॉब. कॉलेजपासून टम्बलर या ब्लॉगच्या साइटवर आहे, चित्रं टाकते. रात्री जेवण झालं की पाच मिनिटं म्हणून उघडते आणि बघते तर दीड वाजलेला असतो. या महिन्यात सकाळची सातची कंपनीची बस दोनदा चुकली. अ‍ॅप उडवून बघितलं, चार दिवसांत परत टाकलं. आईला वाटतं रात्री मी कुठल्यातरी मुलाशी बोलत बसते. पण माझ्या जवळच्या मैत्रिणी तिथंच आहेत, एक टोरांटोची, एक मनिलाची. गेल्या वर्षी बाबा गेले तेव्हा पहिला मेसेज मी त्यांनाच केला होता. अकाउंट कायमचं बंद करू का? – सातची बस"

अगं सातची बस, बंद करू नकोस. उत्तर आधीच देऊन टाकलं, आता बाकीचं निवांत वाच, आणि शक्यतो बसमध्ये वाच, रात्री नको.

बाबा गेल्यावर जिला पहिला मेसेज करावासा वाटला ती मैत्रीण नेटवरची आहे म्हणून कमी होत नाही. नेटवरची मैत्री खरी नसते असं सांगणारे तुला भरपूर भेटतील, त्यांचं ऐकून अकाउंट उडवलंस तर रात्री मोकळ्या होतील हे खरं, पण त्या मोकळ्या रात्री कुणाशी बोलणार आहेस तू?

मला पत्रात खटकलं ते वेगळंच. "चित्रं टाकते" एवढे दोनच शब्द लिहिलेस आणि पुढे चित्रांचं नावच नाही, सगळं दीड आणि बस आणि आई. शेवटचं चित्र पूर्ण कधी केलंस गं? एक काम कर, लॅपटॉपवर तुझ्या ब्लॉगच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत आर्काइव्ह टाईप कर, महिन्यावार सगळ्या पोस्टी छोट्या छोट्या चौकोनांत दिसतील. त्यात तुझं स्वतःचं किती आणि रीब्लॉग केलेलं, म्हणजे दुसऱ्याचं उचलून पुढे फिरवलेलं, किती ते बघ. मला शंका आहे की हल्लीच्या महिन्यांत दुसऱ्यांचंच जास्त निघेल, चुकत असेन तर भांड माझ्याशी. पण बरोबर निघालं तर तुझी तक्रार वेळ जातो ही नाहीचे, चित्र काढायला म्हणून बसतेस आणि बघत राहतेस ही आहे, आणि त्याला औषध वेगळं लागतं.

तू तिथं तीन कामांना जातेस. चित्र टाकायला, मैत्रिणींशी बोलायला, आणि नुसतं भटकायला. तिन्ही कामं एकाच दारातून, एकाच वेळी, तेही दिवसभराचा शीण घेऊन. यादी न करता मंडईत गेलं की कोथिंबीर सोडून सगळं घरी येतं ना, तसं होतं मग. भटकण्यात पाप नाही गं, पण ते पहिल्या दोन कामांचा वेळ खातं आणि वर तूच स्वतःला आळशी म्हणत बसत असशील.

आळशी वगैरे काही नाहीस तू, ती जागाच तशी बांधलेली आहे. डॅशबोर्डला, म्हणजे सगळ्यांच्या पोस्टी दिसतात त्या पानाला, तळ नाही, खाली जाशील तेवढं नवीन येत राहतं. अमेरिकेत बी. एफ. स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी कबुतरांवर प्रयोग केले, चोच मारल्यावर दाणा कधी मिळतो कधी नाही असं ठेवलं तर कबुतर दाणा बंद केल्यावरही कितीतरी वेळ चोच मारतच राहतं. तुझ्या नोट्सचं, म्हणजे पोस्टला आलेल्या लाईक-रीब्लॉग वगैरेंच्या आकड्याचं, तेच चालतं, कधी तीन येतात, कधी तीनशे, म्हणून दर दहा मिनिटांनी बघावंसं वाटतं. त्यात टम्बलरवर फॉलोअर किती ते दुसऱ्याला दिसत नाही (ही मला त्यांची आवडलेली गोष्ट), मग जगाला दिसणारा आकडा उरतो तो पोस्टखालच्या नोट्सचाच, आणि डोळा तिथं चिकटतो.

पण याच टम्बलरची एक गोष्ट तुझ्या फायद्याची आहे आणि तू ती विसरतेयस. तिथं पोस्ट शिळी होत नाही. रीब्लॉग होत होत दहा वर्षांपूर्वीची पोस्ट आज तुझ्यासमोर येते, येते ना? मग आज रात्री नाही बघितलं तर काय सुटणार आहे? चांगलं असेल ते कुणीतरी परत फिरवणारच. काहीतरी राहून जाईल ही भीती इतर ठिकाणी एकवेळ समजू शकते मी, इथं तिला फारसा अर्थ नाही.

आता सेटिंगचं. लॅपटॉपवर डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन एंडलेस स्क्रोलिंग बंद कर, म्हणजे पान संपतं आणि पुढच्या पानाला बटण दाबावं लागतं, त्या एका बटणाशी माणूस भानावर येतो. तिथंच बेस्ट स्टफ फर्स्ट म्हणून आहे तेही बंद कर, मग फॉलो केलेल्यांच्या पोस्टी वेळेच्या क्रमाने लागतात आणि काल जिथं थांबलीस ती पोस्ट दिसली की कळतं, झालं, इथपर्यंत बघितलंय. लाईक आणि रीब्लॉगचं नोटिफिकेशन फोनवर बंद, मेसेजचं चालू ठेव. फोनमधला टायमरही लाव हवं तर, पण त्याच्यावर माझा फार भरवसा नाही, "आजच्यापुरतं राहू दे" वर बोट जायला किती वेळ लागतो.

आणि क्यू वापर की बाई! चित्र रात्री अकरालाच टाकलं पाहिजे असं काही नाही. शनिवारी-रविवारी दुपारी चित्रं क्यूमध्ये घालून ठेव, दिवसाला किती आणि किती ते किती वाजेदरम्यान जायचं ते सांगता येतं, तू झोपलेली असताना ती आपोआप जातील, अमेरिकेतल्यांना त्यांच्या दिवसा दिसतील आणि नोट्स सकाळी एकदमच बघ. जमलं तर चित्रांसाठी वेगळा साइडब्लॉग काढ, त्याच अकाउंटमध्ये निघतो. तिथं फक्त स्वतःचं टाकायचं, रीब्लॉग एकही नाही, मग महिनाभर रिकामा राहिला तर तुझा तुलाच दिसेल.

राहिल्या मैत्रिणी. तुझे रात्रीचे साडेअकरा म्हणजे उन्हाळ्यात टोरांटोला दुपारचे दोन, ती बहुतेक कामातून चोरून बोलत असणार. आणि मनिलाला त्याच वेळी पहाटेचे दोन वाजलेले असतात, म्हणजे त्या पोरीचीही झोप उडवतेयस तू. उलट बघ, तुझी सातची बस निघते तेव्हा टोरांटोला आदल्या रात्रीचे साडेनऊ (थंडीत साडेआठ) आणि मनिलाला सकाळचे साडेनऊ. तिघीही जाग्या! बसमध्ये खिडकीची सीट पकड आणि गप्पा मार, उतरायचा स्टॉप आला की आपोआप संपतात. त्यांना आजच स्पष्ट लिहून टाक की मी रात्री साडेदहानंतर नसेन, सकाळी भेटते, म्हणजे तू गप्प का झालीस म्हणून त्या काळजी करत बसणार नाहीत.

एक विचारू? बाबांना जाऊन वर्षच होतंय. रात्री खोलीत दिवा घालवला की जे काही वर येतं ते येऊ नये म्हणून तर फोन हातात राहत नाही ना? मला पत्रावरून नक्की सांगता यायचं नाही. पण फोन बाजूला ठेवून आठ-दहा दिवस झाले आणि तरी झोप लागत नाही, रडू येतंय, असं असेल तर सेटिंग बदलून भागणार नाही, कुणाशी तरी बोल. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जायचा धीर होत नसेल तर सुरुवात तिथून कर.

साडेदहा ते अकरा हा अर्धा तास टॅबवर नेट बंद करून चित्राला दे. रोज नाही जमणार, आठवड्यातून तीनदा जमलं तरी चालेल, आणि चित्र चांगलं यायलाच हवं असंही नाही. बाबांचं काढून बघितलंस का कधी? नसेल काढायचं तर राहू दे, मी आपलं सुचवलं.

आईचं म्हणशील तर तिला तुझी दोन-तीन चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव आणि सांग की रात्री हे चालतं माझं, तिचीही रात्र बाबांशिवाय मोठीच जात असेल, तेवढाच विषय होईल बोलायला. आणि खरंच कोणी मुलगा असेल तर त्याचं वेगळं पत्र लिही, मी आहे.

– मावशी