पिस्टनचं गणित: 25.5 सेंमी का येतं आणि 25 का हवं?

तुमचं गणित असं आहे: उभ्या सिलिंडरच्या तळाला पिस्टन टेकलाय. सिलिंडरचं क्षेत्रफळ 100 चौसेंमी. पिस्टनच्या भोकात 10 चौसेंमीची पातळ नळी घट्ट बसवलेली. दोन्हींचं मिळून वजन 4.5 किलो, घर्षण नाही. नळीतून 3 लिटर पाणी ओतलं, तर पिस्टन किती वर जाईल? तुमचं उत्तर 25.5 सेंमी, पुस्तकात 25. शिवाय ‘नळीतलं अर्धा लिटर पाणी साडेचार किलो कसं पेलतं?’ हाही प्रश्न आहेच.

पुस्तक बरोबर आहे. तुम्ही 4.5 किलोला 100 ने भागलंत. पण नळीच्या तोंडाशी पिस्टन आहेच कुठे? तिथं नुसतं भोक. पाणी वर ढकलतं ते उरलेल्या 90 चौसेंमीच्या कड्याला. 4500 भागिले 90, म्हणजे दर चौसेंमीला 50 ग्रॅम. तेवढ्या दाबासाठी नळीत पिस्टनच्या खालच्या बाजूपासून 50 सेंमी पाणी उभं हवं. त्यात 500 घनसेंमी गेलं; उरलेलं 2500 पिस्टनखाली, भागिले 100, झालं 25. हवेचा दाब पिस्टनवरही आहे आणि नळीतल्या पाण्यावरही, त्यामुळे तो विसरा.

आता अर्धा लिटरचं. दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, पाणी किती आहे त्यावर नाही. आपल्या संभाजीनगरच्या पाणचक्कीला डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणलं, तेव्हा वाटेतल्या मनोऱ्यांत ते आपोआप वर चढायचं, कारण मागचा उगम उंचावर होता. इथंही पहिला अर्धा लिटर ओतेपर्यंत पिस्टन जागचा हलत नाही, फक्त नळी भरते. त्यानंतर दर 100 मिलीला तो एक सेंमी उचलला जातो आणि नळीतले 50 सेंमी तसेच राहतात.

लातूरला क्लासमध्ये मी अशा गणितात मुलांना आधी तळ तपासायला लावतो. सिलिंडरच्या तळावर एकूण भार किती? पिस्टन 4.5 आणि पाणी 3, म्हणजे 7.5 किलो. तळाशी पाण्याची उंची 25 + 50 = 75 सेंमी, गुणिले 100 चौसेंमी: बरोबर 7.5 किलो. तुमच्या उत्तराने 25.5 + 45 = 70.5 सेंमी, म्हणजे 7.05 किलो. साडेचारशे ग्रॅम गेले कुठे? नळीच्या तोंडाशी तुम्ही धरलेल्या, नसलेल्या पिस्टनवर! नीटला 25 आणि 25.5 दोन्ही पर्यायांत ठेवतील, आणि चुकलं की वरून एक गुण कापतील.

एक गंमत करून बघा. नळी 20 चौसेंमीची घ्या, बाकी सगळं तेच. पिस्टन फक्त 18.75 सेंमी चढतो, पण नळीतलं पाणी तळापासून पुन्हा 75 सेंमीवरच येऊन थांबतं.