जुनी सीरीज थ्री लँड रोव्हर ग्राहकासाठी नवी करायची आहे, पॉवर स्टीअरिंग आणि दमदार इंजिनही हवंय. सुरुवात कुठून करू?

चासीपासून, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यापासून. सीरीज थ्रीची बॉडी ॲल्युमिनियमची, म्हणून वरून गाडी ठणठणीत दिसते. गंज बसतो तो पोलादी चासीत आणि बल्कहेडमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीत. मागचा क्रॉसमेंबर, म्हणजे चासीचा आडवा दांडा, हातोडीने ठोकून बघा. खणखणीत वाजला तर ठीक. भद्द वाजला, पापुद्रे सुटले, तर ठिगळं लावत बसू नका. सरळ गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेली, चासी घ्या. पोलाद आणि ॲल्युमिनियम टेकतात तिथे मध्ये सीलंट हवंच, नाहीतर ओलीने ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते.

इंजिनाआधी ब्रेक. मूळचे चारही ड्रम ब्रेक वाढीव वेगाला पुरे पडत नाहीत. पॉवर स्टीअरिंग खुशाल बसवा. काढलेले मूळ भाग मात्र चिठ्ठ्या लावून ग्राहकाकडे द्या, भंगारात नको. पुढेमागे मागतातच.