आरपीएम मीटरच्या (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणाऱ्या) बटणावर ४, ६, ८ एवढंच आहे. माझी मारुती ८०० तर तीन सिलिंडरची. बटण कशावर ठेवू?

६ वर ठेवा आणि काटा दाखवेल त्याची दुप्पट करा. आणि हो, कार्ब्युरेटरच्या स्क्रूला आत्ता कुणाला हात लावू देऊ नका. तुम्ही लिहिलंय की बटण ४ वर आहे, काटा ६५० दाखवतोय आणि मेकॅनिक म्हणतोय आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, चढवू. तुमचं आयडल ६५० नाहीच, ८६५ च्या आसपास आहे.

मीटरला सिलिंडर कळत नाहीत. ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलच्या निगेटिव्हला जोडलेल्या वायरमधून जेवढे झटके येतात, तेवढे तो मोजतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे झाले की प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ठिणगी पडते. म्हणजे चार सिलिंडरला एका फेऱ्यात २ ठिणग्या, सहाला ३, आठला ४. आपल्या तिनाला दीड. बटण ४ वर असलं की मीटर आलेल्या ठिणग्यांना दोनाने भागतो, भागायला हवं दीडने. म्हणून खऱ्याच्या पाऊणपट दाखवतो. ६ वर तो तिनाने भागतो, म्हणजे बरोबर निम्मं. पाऊणपटीचा हिशोब गाडी चालवताना कोण करणार? दुप्पट सोपी.

हे सगळं मी आधी चूक करून शिकलो. वडिलांच्या ८०० ला असाच मीटर लावला, बटण ४ वर, आणि काटा ९०० वर येईपर्यंत स्क्रू पिळत बसलो. सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलवर गाडी उभी असताना नुसती गुरगुरायची. पेट्रोल किती प्यायची ते विचारू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा एक मित्र टॉवेलच्या कारखान्यात फिटर आहे. त्याच्याकडे हातात धरायचा, प्रकाशाने फेरे मोजणारा फोटो टॅकोमीटर असतो. आधी खात्रीसाठी त्याने तो लूमच्या मोटरवर धरला. प्लेटवर १४४०, टॅकोवर १४५२. मोटरवर पूर्ण भार नव्हता, तेव्हा एवढा फरक चालायचाच. मग गाडी बंद करून क्रँकच्या पुलीवर चमकणाऱ्या टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवला, गाडी चालू केली आणि लांबूनच टॅको धरला. आकडा आला १२००. मित्र म्हणाला, "काय बे, उभ्या गाडीला पळवतोयस होय?" ९०० भागिले पाऊण, १२००. हिशोब तिथेच पटला. तुम्हालाही कुणाचा असा टॅको मिळाला तर एकदा लावून बघाच, फक्त बाही आणि ओढणी बेल्टपासून लांब.

जोडणीत दोनच गोष्टी सांभाळा. सिग्नलची वायर कॉइलच्या निगेटिव्हलाच, प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरला कधीही नाही. आणि मीटरचा सप्लाय चावी लावल्यावरच चालू होईल अशा फ्यूजवरून घ्या, थेट बॅटरीवरून नको.

हे गणित एक कॉइल आणि ठिणगी एकेका प्लगला वाटणारा डिस्ट्रिब्यूटर असलेल्या तुमच्यासारख्या जुन्या गाडीचं. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर एका कॉइलवर दोन फेऱ्यांत एकच झटका मिळतो, तिथे हे बटण उपयोगाचं नाही. डिझेलला तर ठिणगीच नसते, तिथे सिग्नल अल्टरनेटरवरून घेणारा वेगळा मीटर लागतो.

आमच्या मीटरच्या काचेवर मी मार्करने '×२' लिहून ठेवलंय. वडील अजून विचारतात, हे गुणिले कशाला?